सात काळ्या पट्ट्या

आधीच सांगून ठेवते. या गोष्टीत रात्र नाही, ओसाड घर नाही, कुत्र्यांचं रडणं नाही. ज्यांना तेच हवंय त्यांनी इथे वेळ घालवू नये.

ही भरदुपारची गोष्ट आहे. मंगळवार. अडीच वाजले होते. जागा एका सरकारी हॉस्पिटलचा अपघात विभाग, बाहेर लख्ख ऊन, आणि साठ-सत्तर माणसांची गर्दी.

आणि ही घडली माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत.

मावशीला तुम्ही ओळखत नाही. बत्तीस वर्षं नर्स होती. तिला खोटं बोलता येत नाही, हा आमच्या घरातला जुना त्रास आहे. माझी आई एकदा केस कापून आली आणि कौतुकाने म्हणाली, "कशी दिसतेय?" मावशी म्हणाली, "आजारी." दोघी बहिणी पंधरा दिवस बोलत नव्हत्या.

तर अशी बाई जेव्हा म्हणते की मी त्याला भिंतीपाशी उभं पाहिलं... तेव्हा मला ते हसण्यावारी नेता येत नाही.

मावशीचं काम असायचं दारात. पेशंट आत आला की आधी तिने बघायचं. याला आत्ता डॉक्टर हवा, याला तासाभराने चालेल, हा घरी जाऊ शकतो. ती म्हणायची, "बरं डॉक्टर करतात गं, आम्ही फक्त रांग लावतो. पण रांग चुकली तर डॉक्टर येईपर्यंत खेळ खलास." एका हाताने पेशंटचं मनगट आणि डोळे घड्याळावर, म्हणून सगळं हॉस्पिटल तिला 'घड्याळ' म्हणायचं. तोंडावर नाही अर्थात. तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

नव्या पोरींना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची. ओरडणाऱ्याकडे नंतर बघा, ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. जो गप्प आहे, त्याच्याकडे आधी धावा.

त्या मंगळवारी एका कापड कारखान्याचं छप्पर कोसळलं.

फोन आला, "पंधरा-वीस जण पाठवतोय." आले एकसष्ट. ट्रकमध्ये घालून आणले होते, जसे सापडले तसे. हॉस्पिटलात डॉक्टर दोन. दोघेही पहिल्या दहा मिनिटांत ऑपरेशनला गेले. बाहेर अंगणात उरले कोण? मावशी, एक तीन महिन्यांपूर्वी लागलेली नर्स, आणि मामा. मामा म्हणजे तिथला जुना वॉर्डबॉय, सगळे त्याला मामाच म्हणायचे, त्याच्यापेक्षा मोठेसुद्धा.

अशा वेळी कामाची एक पद्धत असते. नीट ऐका, पुढचं सगळं त्यावरच आहे.

मावशीच्या खिशात कापडी पट्ट्या होत्या, चार रंगांच्या. एका माणसाला फक्त अर्धं मिनिट द्यायचं. चालतोय, त्याला हिरवी. जखमी आहे पण थांबू शकतो, पिवळी. आत्ता हात लावला नाही तर मरेल, लाल.

आणि चौथी काळी.

काळी पट्टी बांधली की त्या माणसाकडे पुन्हा कुणी बघायचं नाही. मामाने त्याला उचलून मागच्या व्हरांड्यात न्यायचं आणि वर चादर घालायची. ऐकायला क्रूर वाटतं. पण मेलेल्यापाशी घालवलेलं प्रत्येक मिनिट जिवंत माणसाच्या वाटचं असतं.

म्हणून काळी बांधण्याआधी एक नियम आहे. श्वास दिसत नसेल तर डोकं हळूच मागे करायचं, हनुवटी वर उचलायची आणि पुन्हा बघायचं. पुष्कळदा जीभ मागे पडून नुसती वाट अडलेली असते. मान सरळ झाली की माणूस श्वास घेतो. तरीही नाही घेतला, तरच काळी.

हे मावशीने शंभर पोरींना शिकवलं होतं. पाठ होतं. झोपेतून उठवून विचारा.

पहिला ट्रक आला. तिने तिच्या त्या खणखणीत आवाजात सांगितलं, "ज्यांना चालता येतंय, त्यांनी समोरच्या भिंतीपाशी जाऊन उभं राहायचं." ही त्यातली युक्ती असते. उठून चालत गेले ते आपोआप हिरवे. उरलेल्यांकडे ती वळली.

सगळे धुळीने पांढरे झालेले. बायका कुठल्या, पुरुष कुठले, कळत नव्हतं. कुणी पाय धरत होतं, कुणी पदर ओढत होतं. "ताई, माझ्या भावाला बघा." "सिस्टर, हिला आधी." अर्धं मिनिट, पट्टी, दोन गाठी, पुढे. अर्धं मिनिट, पट्टी, दोन गाठी, पुढे.

दुसरा ट्रक. पुन्हा तेच.

एव्हाना सात काळ्या झाल्या होत्या.

तिसरा ट्रक लागला. मावशीने पुन्हा आवाज दिला, "ज्यांना चालता येतंय, त्यांनी भिंतीपाशी जा."

माणसं उठली. कुणी लंगडत, कुणी कोपर धरून. त्यांच्या शेवटी एक उंच माणूस चालला होता. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी. हात सरळ खाली सोडलेले. सावकाश चालला होता, जसं काही त्याला कुठलीच घाई नाही.

मावशीची नजर सवयीने त्याच्या मनगटावर गेली.

पट्टी होती...

काळी.

आणि गाठी दोन. तिच्याच हाताच्या.

भूतबित तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही हो. तिच्या डोक्यात एकच आलं. मी जिवंत माणसाला काळी बांधली.

ती हातातलं टाकून भिंतीकडे धावली. तिथे चौदा-पंधरा जण होते. तिने एकेकाचं मनगट बघितलं. हिरवी, हिरवी, हिरवी, काही रिकामी. उंच माणूस नव्हता.

"आत्ता इथे एक जण आला ना? उंच, एका पायात बूट?"

हात मोडलेली एक बाई होती, ती म्हणाली, "नाही हो ताई, असं कुणी आलं नाही."

मावशी परत फिरली. दहा पावलं आली असेल. तिला मागे वळून बघावंसं वाटलं...

तो तिथेच होता. त्या बाईच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून. मावशीकडेच बघत होता. तोंड उघडं होतं.

आणि तोंडाच्या आत सगळं पांढरं.

धूळ.

मामा स्ट्रेचर घेऊन चालला होता. तिने त्याचा हात धरला. "मामा, मागच्या व्हरांड्यात किती आहेत?"

"सात."

"उठून गेलं का कुणी?"

मामाने तिच्याकडे नीट बघितलं. "सिस्टर, पाणी पिता का जरा? तिथून कोण उठून जाणार?"

आता बघा हं, ट्रकमध्ये माणसं तळमळत होती. तिथून हलणं म्हणजे गुन्हा. पण व्हरांड्यात कुणी जिवंत असेल तर? तिने अंगणाचं काम त्या नव्या पोरीवर टाकलं. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. मावशी थांबली नाही.

व्हरांड्यात आवाज नव्हता. बाहेरचा एवढा आकांत, पण दार लोटल्याबरोबर... काहीच नाही.

सात चादरी.

तिसरीखालून दोन पाय बाहेर आले होते. एका पायात बूट.

तिने चादर ओढली. तोच होता. तिने त्याच्या गळ्याला दोन बोटं लावली आणि घड्याळाकडे बघितलं. दहा सेकंद. काही नाही. आणखी दहा.

काही नाही.

मनगट धरलं. नाडी नव्हती. पण हात... कोमट होता.

तेवढ्यात तिच्या मागे आवाज आला.

खर्र...

आणि शांतता.

खर्र...

शेजारची चादर. मावशीने ती फेकून दिली. खाली एक चाळिशीची बाई होती, हनुवटी छातीवर टेकलेली. मावशीने तिचं डोकं मागे केलं, तोंडात बोट घालून ओल्या धुळीचा आणि दोऱ्यांचा गोळा बाहेर काढला, आणि त्या बाईने असा श्वास घेतला की आवाज ऐकून मामा धावत आला.

"मामा, स्ट्रेचर. आत्ता."

तिने काळी पट्टी दातांनी तोडली आणि लाल बांधली.

ती बाई वाचली. खरंच वाचली. पुढे मुलांना घेऊन मावशीला भेटायला आली, मावशीच्या पाया पडली. हॉस्पिटलभर नाव झालं. मामा येईल त्याला सांगायचा, "सिस्टरला आतून कळतं." मावशीला धरणीने पोटात घ्यावं असं व्हायचं. कारण ती काळी बांधणारी तीच होती, आणि नियम मोडल्याशिवाय ती काळी बांधली जाणं शक्यच नव्हतं.

आमच्या घरात ही गोष्ट इथेच संपवतात. आई म्हणते, "तो बिचारा शेजारणीसाठी उठून आला. पुण्यात्मा." ऐकायला बरं वाटतं.

पण गोष्ट इथे संपत नाही.

मावशी अंगणात परत आली तेव्हा चौथा ट्रक लागला होता. या वेळी तिने आवाज दिला नाही. एकेकापाशी जाऊन ती हळू विचारत होती, चालता येईल का. तिने भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

बघितलं.

तो होताच.

ती बाई तर सापडली होती. आत टेबलावर होती. मग हा अजून का उभा?

मावशी पुन्हा व्हरांड्यात पळाली. आता तिला कशाचंच भान नव्हतं. सहा जण उरले होते. तिने एकेकाची चादर काढली, डोकं मागे केलं, हनुवटी उचलली, गालाशी कान नेला. नाही. पुढचा. नाही. पुढचा. त्याला तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

त्याचं डोकं मागे केलं.

तोंडातून धुळीचा गोळा सुटला आणि तिच्या तळहातावर पडला. ओला होता.

श्वास नाही. हात आता गार पडला होता.

तिने त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. किती वेळ, तिला माहीत नाही. मामा सांगतो की त्याने दोनदा हाक मारली, तिने ऐकलं नाही, शेवटी खांद्याला धरून बाजूला करावं लागलं. ती रडत नव्हती. नुसती आकडे मोजत होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी बघून सांगितलं, "हा आणला तेव्हाच गेलेला असणार. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." तासाभरापूर्वी गेलेल्याचा हातही कोमट असतो म्हणे. तोंडात गोळा सगळ्यांच्याच होता म्हणे. असेल. डॉक्टर खोटं कशाला बोलतील.

मावशीने वर्षभरात नोकरी सोडली. आता घरीच असते. रात्री काकांचं घोरणं मध्येच थांबलं की ती उठते आणि त्यांचं डोकं मागे करते. काका चिडतात, "अगं, जिवंत आहे मी, मान सोड." आम्ही सगळे हसतो त्यावर. मीही हसायचे.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. स्वयंपाकघरात दोघीच होतो, ती मटार सोलत होती, मी तिच्या समोर बसले होते. मी सहज विचारलं. सहज नाही, खरं तर बरेच दिवस मनात होतं.

"मावशी, तू त्याची मान मागे केली होतीस ना? पहिल्यांदा, पट्टी बांधताना?"

ती सोलत राहिली. मग म्हणाली, "सात जण होते. त्यातल्या पाच माना मला आठवतात. अजून हाताला आठवतात. त्या बाईची राहिली, ते तर उघडच आहे."

"आणि सातवी?"

"तो पहिल्या ट्रकमधला पहिलाच होता गं. पहिल्या माणसाला तर आपण नीट बघतोच. तेव्हा घाई कुठे असते? बघतोच ना?"

ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. माझी ती मावशी, जिला कधी कुणाला काही विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "हो गं. बघतोच. तू केलीच असणार."

तिने मान हलवली.

मग तिची नजर माझ्यावरून उचलली गेली... माझ्या डोक्यावरून मागे, भिंतीकडे. आणि अगदी हळू, पेशंटशी बोलायची त्या आवाजात ती म्हणाली,

"ऐकलंत ना? ही पण तेच म्हणतेय."

माझ्यामागे कोरी भिंत होती. निदान मी तसं समजते. मी वळून बघितलं नाही. मी उठले, चपला घातल्या आणि घरी आले, आणि तेव्हापासून तिच्याकडे गेलेले नाही.