पऱ्हाटीचा बैल

अठ्ठावन्न साली अकोल्याच्या बैलबाजाराच्या पटांगणात पोळ्यासाठी दोन मोठे बैल उभे राहिले. सणानंतर त्यांतला एकच फाटकाशी कायमचा राहणार होता. एक माझा, पक्क्या सिमेंटचा, अचूक प्रमाणात घडवलेला. दुसरा मोरोपंतांचा. आम्ही दोघे एकाच शाळेत चित्रकला शिकवायचो. त्यांनी कपाशीची वाळकी झाडं, आमच्याकडची पऱ्हाटी, बांधून हत्तीएवढा बैल केला आणि डोळ्यांत सरकी भरली. चुलीत घालायची वस्तू, पण ती बघायला लोक जुन्या शहरातून मोर्णा नदी ओलांडून येत. माझ्या बैलाला टेकून विड्या ओढत.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबत. खोटं कशाला बोलू?

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात. शेतकऱ्यांनी हौसेने मोरोपंतांच्या बैलालाही शिडी लावली. माझी बायको तारा तुपाची वाटी घेऊन आली. मला वाटलं, माझ्या बैलासाठी. ती सरळ पऱ्हाटीकडे गेली, शिडी चढली आणि तो खांदा हसत हसत चोळत राहिली. माझ्या एकाही चित्राकडे बघून ती तशी हसली नव्हती.

ती उतरल्यावर मी चढलो. बैलाच्या कानाशी तोंड नेऊन, शेतकरी आपल्या बैलाला म्हणतो तसं म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." निव्वळ थट्टा.

खाली जानराव पाटील होते. कोणता बैल ठेवायचा, ते तेच ठरवणार होते. ते हसले नाहीत.

"मास्तर, आवतन धनी देते. तुमी देल्लं, आता बैल तुमचा."

"माझा तर माझा," मी म्हणालो. मोरोपंत ऐकत होते, म्हणून फार बरं वाटलं.

"मंग जेवू घाला लागते त्याले."

पोळ्याच्या सकाळी पऱ्हाटीच्या बैलाचं तोंड आमच्या गल्लीकडे वळलेलं होतं.

"तुम्ही फिरवलात?" मोरोपंतांनी विचारलं.

"तुमच्या सरपणाला मी कशाला हात लावू?"

दुपारी ताराने पुरणपोळीचं एक ताट जास्तीचं वाढलं. मी ते उचलायला सांगितलं.

"आवतन दिलंय ना तुम्ही?"

"काड्या कधी जेवतात का?"

ताट तिने उचललं नाही.

संध्याकाळी पोळा फुटला. गर्दी पांगली, तेव्हा पऱ्हाटीचा बैल जागेवर नव्हता. काडीसुद्धा नव्हती. नेताना कोणी पाहिलं नव्हतं.

मी धावत घरी आलो.

अंगणाचं दार सताड उघडं होतं. ताट रिकामं. उंबऱ्याशी तूप-हळदीचा वास.

"जेवून गेला," तारा म्हणाली.

फाटकाशी आज माझाच बैल आहे. जिंकलो मीच. मोरोपंत अमरावतीच्या शाळेत निघून गेले.

दर पोळ्याला तारा पहिलं ताट अंगणात नेते आणि मागे दार ओढून घेते. बराच वेळ हसू ऐकू येतं. मग मला वाढते. तिच्या हाताकडे बघायचं नाही असं मी ठरवलेलं असतं, पण वाढताना तळवा दिसतोच. ओला असतो, आणि खरखरीत जिभेने चाटून चाटून लाल झालेला.