तंबूची मेख

सोमवारी वनखात्याची माणसं ते झाड कापून नेणार होती, म्हणून अश्लेषाला रविवारीच टेकडी गाठायची होती. २०१४च्या उन्हाळी वादळात जर्मनीतल्या माइन नदीवरच्या रोमन छावणीचा तट फोडत एक प्रचंड बीच वृक्ष कोसळला होता आणि त्याच्या मुळांखालची दोन हजार वर्षांपूर्वीची माती उघडी पडली होती; झाड हलवलं की ती ढासळणार होती. तिच्या पीएचडीला एकच पुरावा हवा होता: सैनिक कड्याच्या अगदी टोकाशी राहत होते, याचा.

स्वतःची गाडी नसल्यामुळे मेहुण्याला आणावं लागलं. सत्यजित र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर होता आणि साठ किल्ले चढल्याचं दर वळणावर सांगत होता.

"हा तट? आपल्याकडे शेताचे बांध याहून उंच असतात."

"हो ना, भाऊजी." आपल्या बहिणीने, मीनलताईने, या माणसात काय पाहिलं, हे कोडं अश्लेषाला नव्याने पडलं.

काटेरी झुडपांतून, निसरड्या पानांवरून दोघं टोकाला पोचली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. उपटलेली मुळं कड्याबाहेर लोंबत होती. चाळीस मीटर खाली गढूळ नदी! अश्लेषाने ओकच्या बुंध्याला दोर बांधला. आधी आपणच उतरणार, असा सत्यजितचा हट्ट होता.

"कमरेला बांधा. आणि फक्त फोटो. हात लावू नका."

"सह्याद्रीत दोरबिर लागत नाही गं," म्हणत तो तसाच उतरला. क्षणभराने त्याचा आवाज आला, "लोखंडी मेख आहे. वर कडीसुद्धा."

तंबूची मेख, रोवलेल्या जागी! अश्लेषा "थांबा" म्हणेपर्यंत त्याने ती उपटली.

त्याच्या पायाखालची माती सरकली. एका हातात मूळ, दुसऱ्यात मेख. मूळ कडकडलं. अश्लेषाने दोर फेकला.

"आधी ही घे," तो धापा टाकत म्हणाला.

हात पोचत नव्हता. तीन वर्षांचं काम त्या मूर्खाच्या मुठीत होतं.

"फेका ती!"

मेख नदीत गेली. त्याने दोर पकडला. तिने टाचा रोवून त्याला वर ओढलं.

चिखलात बसून तो पुटपुटला, "चुकलं माझं."

 दोर स्वतःच्या कमरेला बांधून अश्लेषा काठावर पालथी झाली. पिवळ्या मातीत मेखेएवढी खाच शाबूत होती, गंजाने तांबूस झालेली. तिने फोटो काढले, मोजपट्टी लावली.

"चौदा सेंटिमीटर. लिहून घ्या, भाऊजी. तेवढं तरी जमेल ना?"

त्याने निमूटपणे तिची वही उघडली.