ऑरिनची कारभारीण

थर्झा दुकानात आली होती काकवी घ्यायला, आणि सापडली नेमकी वीलॉककाकूंच्या तावडीत! गावाचं टपाल त्याच दुकानात येई. काकूंच्या हातात पत्र होतं… व्हर्जिनियातून, लढाईवर गेलेल्या त्यांच्या ऑरिनचं.

"बरी भेटलीस गं बाई! चष्मा घरीच राहिला. वाच ना जरा."

थर्झानं पत्र हातात घेतलं. पलटणीत जायच्या आदल्या दिवशी याच ऑरिननं, पावसात निथळत, तिला विचारलं होतं, "माझी होशील?" आणि ही शहाणी म्हणाली होती, "बघू… विचार करते." मनातून तर तेव्हाच हो होतं. पण तोरा ना!

तिनं घसा साफ केला. "'आई, मी खुशाल आहे. परवा एक गोळी बाहीतून आरपार गेली. पण काळजी करू नकोस, माझी कारभारीण आहे ना इथे—'"

ती अडखळली. कारभारीण?

"थांबलीस का? वाच की."

"'—तिनं बाही लगेच नीट केली. फार गुणाची! दिवसा छातीशी, रात्री उशाशी. इतकी देखणी आमच्या तुकडीत कुणाकडेच नाही. पोरं मागायला येतात, पण मी कुणाला हात लावू देत नाही—'"

"शी!" थर्झानं पत्र फळीवर आपटलं. "आईला असलं लिहायला लाज नाही वाटत? कोण ही सटवी?"

"तुला गं काय त्याचं? तुझा तर अजून विचार चाललाय ना?"

"मला काय करायचंय!" ती फणकारली, पण डोळे भरून आलेच. नुसता जळफळाट! असेल कुणीतरी तिकडचीच, लाडे लाडे बोलणारी… आणि वर शिवणही येतं मेलीला!

"सुरू केलंयस तर पुरं कर," काकू शांतपणे म्हणाल्या.

"'—अंगावर हिरवं कापड, त्यावर पिवळी फुलं. एक बटण तेवढं उलटं…'"

थर्झानं ती ओळ पुन्हा वाचली. हिरव्यावर पिवळी फुलं तिच्याच जुन्या झग्यावर होती! त्याच कापडाचा तिनं सुईदोऱ्याचा बटवा शिवला होता, आणि चर्चमधल्या बायका ऑरिनला पाठवायची सामानाची पेटी भरत होत्या तेव्हा नाव न घालता गुपचूप आत सरकवला होता.

"'आम्ही शिपाई सुईदोऱ्याच्या बटव्याला कारभारीणच म्हणतो. पाठवणारीनं नाव घातलेलं नाही, पण त्या झग्याबरोबर मी नाचलोय, विसरेन होय? आई, एवढं कर. चष्मा विसरल्याचं सोंग घे आणि हे पत्र थर्झाकडून वाचून घे.'"

तिनं वर पाहिलं. काकूंच्या एप्रनच्या खिशातून चष्म्याची दांडी डोकावत होती.

"काकू! तुम्हीसुद्धा?"

काकू तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावून हसत होत्या. थर्झाही लाजून हसली, आणि तिची नजर पुन्हा पत्राच्या पहिल्या ओळींवर गेली. तिचा चेहरा एकदम उतरला.

"काकू… गोळी? बाहीतून गोळी गेली त्याच्या?"

"आत्ता ऐकू आली होय तुला?" काकूंचं हसू ओसरलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "मी कालपासून तेवढंच ऐकतेय, पोरी. बोल, काय कळवू त्याला?"

"कळवा…" थर्झानं डोळे पुसले. "विचार झाला म्हणावं. हो म्हणतेय मी, हो! आणि बटण उलटं लागलंय ना… तर बटवा पाठवायचा नाही. स्वतः घेऊन यायचं. मगच सरळ लावून देईन."