कपाटातली ऊब

त्याने कपाटाच्या कडीला हात लावला आणि… हात तिथंच चिकटला.

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तसा तो मागे रिकाम्या ट्रेंवर धाडकन कोसळला.

"जिवंत हाये ना तुमी?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"हाये… वाटते," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "कपाट हाये का डीपी हाये हे?"

अमरावतीजवळ, नांदगाव पेठेच्या रस्त्यावर आमची रोपवाटिका. जानेवारीच्या थंडीत मिरचीचं बी लवकर उगवत नाही, म्हणून जुन्या लोखंडी कपाटात मी बल्ब लावले होते. आत अठ्ठावीस अंश झाले की बल्ब बंद, ऊब उतरली की चालू — हे यंत्र व्हिडिओ पाहून मीच जोडलं होतं. केवढा तोरा होता मला त्याचा!

तो गजेंद्र, अकोल्याचा. काकांसाठी रोपांची ऑर्डर द्यायला आला होता. आणि धंद्याने वायरमन!

"वायरमन असून टेस्टर नाई लावला?" मी रडवेली झाले.

"रोपं पाहाले आलो होतो जी, करंट पाहाले नाई."

त्याला स्कूटीवर बसवून मी दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी नीट आली, तेव्हा कुठे मी बाकावर टेकले. माझ्या हातून एक माणूस गेला असता…

रविवारी तो पुन्हा दारात! खांद्याला हत्यारांची पिशवी.

"मोडून टाका ते," मी म्हटलं.

"मोडाचं काहून? डोकं भारी चाललं तुमचं. फक्त जिवाचा विचार राहून गेला." त्याने प्लग काढला, मग कपाट उघडलं. "हे पाहा, वायर पत्र्याच्या भोकातून तशीच ओढली. कातरली अन् पत्र्याले लागली. अर्थिंग तर नाईच."

त्याने भोकाला रबरी वळं बसवलं, पत्र्याला अर्थिंगची वायर कसली. करंट गळताच सप्लाय तोडणारा स्विच लावला. माझं यंत्र मी प्लॅस्टिकच्या बंद डब्यात बसवलं, सेन्सरची वायर वेगळी काढली.

"अन् बल्ब चालू-बंद करणारा हा रिले चालू असतानाच चिकटला तं?" त्याने विचारलं.

बल्ब जळतच राहिले असते… बी भाजलं असतं, कपाटही पेटलं असतं.

"म्हणून हा दुसरा राखणदार." त्याने एक छोटा कटआउट माझ्या तळहातावर ठेवला. "चाळीसच्या वर गेलं का हा सगळंच बंद करते. कोणाचं ऐकत नाई."

"तुमच्यासारखा?"

"मी ऐकतो… सांगणारी पाहिजे." त्याचं बोट माझ्या तळहातावर जरा जास्तच वेळ राहिलं.

मग तो दर रविवारी यायचा — स्विच तपासायला. एका पेरणीच्या आठव्या दिवशी मिरचीचे कोंब वर आले, तेव्हा आम्ही दोघं एकाच ट्रेवर वाकलो होतो. त्याच्या श्वासाने माझे केस हलले.

त्यानंतरचा रविवार कोरडा गेला. सोमवारी फोन आला.

"करिश्मा… परवा पोरगी पाहाले चाललो. यवतमाळले."

झारी हातातून निसटली.

"बरं," मी म्हणाले. आणि लगेच… "जाऊ नका."

"काहून?"

"मले राग येऊन राहिला म्हणून!"

मी फोन कानाशी घट्ट दाबला.

"मंग बाबाले काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांगा, अमरावतीची पाहून ठेवली म्हणून."

बोलून गेले आणि जीभ चावली. मागे माझे बाबा उभे होते — वामनराव, चार माणसांत कमी बोलणारे. हातात रोपांचा ट्रे तसाच धरलेला, तोंड उघडं. सगळं ऐकलं होतं त्यांनी!

मी मान खाली घातली. मग बाबांनी ट्रे हळूच खाली ठेवला आणि घसा खाकरला.

"त्याले म्हण, एकटा नको येऊ. मायले घेऊन ये."