फियाटमधला दिवा

"उद्या अकराला गिऱ्हाईक येणार! बाबा मोटार विकणार!" वैजयंती धडाधडा जिना उतरत ओरडली.

वाशीतल्या त्यांच्या बिल्डिंगखाली जुनी फियाट उभी होती. इथल्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर आई हीच गाडी चालवायला शिकली होती. दिवाळीत आई गेली. आता मे महिना, आणि पंधरा दिवस गाडी रोज सकाळी मेलेली! धक्का मारून चालू करावी, तर दुसऱ्या दिवशी बॅटरी पुन्हा रिकामी!

"गंगाराम मिस्त्री म्हणतो, गाडीत दम नाही." वैजयंती फियाटच्या दाराला टेकली. "आईचं एवढंच उरलंय गं."

"टेन्शन नको घेऊ," शेजारची वैशाली म्हणाली. "कोणीतरी बॅटरी संपवतंय. पाळत ठेवू!"

"मी हाय ना! चोराला खाडीत बुडवतो!" पंढरी म्हणाला. तो वाशीगावातला. त्याचे वडील मोरा बंदराच्या लाँचवर इंजिन सांभाळत, आणि सुट्टीत तोही त्यांच्यासोबत जाई.

"बुडवतोय! पालीला घाबरतोस तू!" वैशाली हसली.

संध्याकाळी तिघं जिन्याच्या जाळीमागे दबा धरून बसली. सात वाजता पावलं वाजली. चोर आला!

बाबाच होते ते.

त्यांनी दार उघडलं. शेजारची सीट रुमालाने पुसली. छताचा छोटा दिवा लावला, दार लोटलं आणि मान खाली घालून निघून गेले.

"अगं, दिवा राहिला! सांग ना त्यांना!" वैशाली कुजबुजली.

"राहिला नाही. आईला अंधाराची भीती वाटायची." वैजयंती जागची हलली नाही. "तेराव्याला आत्याने तिच्यासाठी लावलेली समई शांत केली, तेव्हा बाबा खाली येऊन याच गाडीत बसले होते."

त्या रात्री झोपताना तिने खिडकीतून खाली पाहिलं; फियाटमधला दिवा अजून जळत होता.

सकाळी बाबा आणि तिघं पोरं गाडीपाशी असताना गंगाराम मिस्त्री आला. हातात लाकडी पेटी, पेटीत चार्ज केलेली बॅटरी, खांद्यावर दोन जाड तारा, तोंडात बिडी. "गिऱ्हाइकासमोर एकदा चालू झाली की सुटलो!" म्हणत त्याने बॉनेट उघडलं.

"मिस्त्री, बिडी टाका आदी!" पंढरी ओरडला. "बॅटरीतून गॅस निंगतो. भडका उडंल!"

"तू मला शिकवतोस, शेंबड्या?" म्हणत गंगारामने न बघताच लाल तारेचा चिमटा बॅटरीच्या मायनसकडे नेला. वैजयंतीने त्याचं मनगट धरलं. "काका, उलटं लावताय!"

"गंगाराम, थांब," बाबा म्हणाले.

गंगारामने वाकून पाहिलं. चेहरा पडला. बिडी दूर फेकून तो म्हणाला, "बोल पोरा."

"दोनी बॅटऱ्या बारा व्होल्टच्या हाईत ना? चावी बंद. सगले दिवे बंद."

छताचा दिवा विझायला टेकला होता, पण लालसर जळत होता. वैजयंती हळूच म्हणाली, "बाबा, तोच बॅटरी संपवतो."

"एवढासा दिवा?"

"रोज रात्रभर जळतो."

दिव्याच्या बटणाकडे गेलेला बाबांचा हात अर्ध्यावर थांबला. "तिला अंधारात कसं ठेवू गं?"

"बाबा, आई गाडीत नाहीये."

हे ती पहिल्यांदाच बोलली. बाबांनी आत बसून दिवा बंद केला आणि स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. 

मग पंढरीने सांगितलं तसं गंगारामने केलं. लाल तार आधी गाडीच्या प्लसला, मग पेटीतल्या बॅटरीच्या प्लसला. काळी पेटीच्या मायनसला. तिचं दुसरं टोक बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला. ठिणगी उडालीच तर तिथे उडावी. बाबांनी चावी फिरवली.

घर्रर्र! चालू!

तारा उलट्या क्रमाने निघाल्या, काळी आधी.

"वीस वर्षं गॅरेजात काढली, पण आज पोरांनी माझे हात वाचवले! शाबास!" गंगाराम म्हणाला. "आता अर्धा तास फिरवा, इंजिन बंद करू नका."

बाबांनी वैशालीला हाक मारली. "गिऱ्हाईक आलं तर सांग, गाडी विकायची नाही."

वैजयंती बाबांशेजारच्या सीटवर बसली आणि गाडी खाडीपुलाकडे निघाली. पुलावर बाबा म्हणाले, "काल जाळीमागे तू होतीस ना? दिवा का नाही विझवलास?"

"मलाही वाटलं," वैजयंती म्हणाली, "अजून एक रात्र राहू दे."

बाबांनी गिअर बदलला आणि रिकामा झालेला हात तिच्या डोक्यावर ठेवला.