पालथं चित्र

मिस्त्रीचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, ओळंबा आणि पाणसळ. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवल्या होत्या, आणि भिंत सरळ आहे की नाही हे तो कधी माणसांना विचारत नसे. म्हणून शाळेच्या लांबलचक भिंतीवर फरश्यांच्या तुकड्यांतून वस्तीतली माणसं उभी करायची असं पोरांनी ठरवलं, तेव्हा ती आधी त्याच्याकडेच आली. चित्रं त्यांची, पण हात जाणकाराचा हवा होता.

त्याने त्यांना पालथं काम शिकवलं. कागदावर चित्र काढायचं आणि त्यावर तुकडे पालथे, म्हणजे रंगीत बाजू खाली करून, खळीने चिकटवायचे. मग तो अख्खा कागद भिंतीवरच्या ओल्या सिमेंटवर दाबायचा, भिजवायचा आणि सोलून काढायचा. तोवर दिसते ती नुसती तुकड्यांची विटकरी पाठ. एकच पथ्य होतं. कागदावरचं चित्र आरशातल्यासारखं उलटं हवं, नाहीतर भिंतीवर डाव्याचं उजवं होतं.

पहिल्याच चित्रात पोरं ते पथ्य विसरली. कागद सोलला, तर शिंपीदादा डाव्या हातात कात्री धरून उभे! सगळी खो खो हसली. चित्र काढणारी चष्मेवाली पोरगी मात्र रडकुंडीला आली.

"काका, पाडायचं का?"

"राहू दे गं. एवढ्याने काही आभाळ कोसळत नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री विजार आखूड करून घ्यायला गेला, तर शिंपी डाव्या हाताने कापड कापत होता.

"काय हो, भिंतीची थट्टा चालवलीय का?"

"कसली थट्टा? मी जन्माचा डावखुरा. बाप मारून मारून थकला, पण सवय काही सुटली नाही."

मिस्त्रीने कात्री हातात घेतली. जुनी, जड कात्री. मुठीचं लोखंड अंगठ्याने झिजून एका बाजूला खळगा पडला होता. उजव्या हाताने धरली तर अंगठा त्या खळग्यात बसेना. डाव्या हाताने धरली, तेव्हा चपखल बसला.

आपलंच वय झालं, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण पुढच्या आठवड्यात न्हाव्याच्या चित्रात काळे तुकडे कमी पडले आणि पोरांनी त्याच्या मिशीला सरळ चाट दिली. वस्तीत त्या मिशीचा केवढा दरारा होता! सकाळी मिस्त्री दाढीला बसला, तर न्हाव्याचा ओठ सफाचट. आरशावर त्याचा तरुणपणीचा फोटो लावलेला होता. त्यातही मिशी नव्हती.

"काका, त्यांना मिशी कधी होती?" चष्मेवाली हसत म्हणाली आणि पुढचा कागद कापू लागली. मिस्त्री तुकडे निवडू लागला. बोलला असता, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

शेवटचं चित्र बाईंचं होतं, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचं. अर्ध्या वस्तीला अक्षर बाईंनीच शिकवलं होतं. कुणाचीही चिठ्ठी उचला, वळण त्यांचंच. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात तेवढा गेला. बोलणं तसंच खणखणीत राहिलं. पण समोर कागद आला की त्या मान फिरवायच्या. नुकतंच दवाखान्यात त्यांना एका कागदावर अंगठा उठवावा लागला. "जन्मभर पोरांना सही शिकवली आणि शेवटी मीच अंगठेबहाद्दर झाले," असं म्हणून त्या आधी हसल्या आणि मग भिंतीकडे तोंड करून रडल्या. ते रडणं मिस्त्रीच्या काळजात रुतून बसलं होतं.

पोरांनी दोघांना रोज संध्याकाळी पाहिलं होतं, तसंच रेखाटलं होतं. बाकावर शेजारी शेजारी, तिचा लुळा हात त्याच्या हातात.

दुपारी पोरं जेवायला गेली. मिस्त्रीने कागदापुढे बसकण मारली. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता, पण करून बघायला काय जातंय? खळ अजून ओली होती. त्याने लुळ्या बोटांचे तुकडे उपटले आणि नवे घडवले. सरळ, कणखर पाच बोटं, त्यांत पेन. त्याचा स्वतःचा हात मधे येत होता. तो त्याने तिच्या हातातून सोडवला आणि आपल्याच गुडघ्यावर ठेवला.

पोरं परतल्यावर कागद भिंतीवर चढला, भिजला, सोलला गेला.

चष्मेवाली बराच वेळ बघत राहिली. "हात छान झालाय, काका. फक्त आता दोघं सोबत आल्यासारखी वाटत नाहीत. एकाच बाकावर जागा मिळाली, एवढंच."

मिस्त्रीला ते ऐकूच आलं नाही. सिमेंट धरेपर्यंत तो भिंतीसमोर बसून राहिला. मग जवळजवळ धावतच घरी निघाला.

हात सिमेंटने माखले होते, म्हणून त्याने कोपराने दार वाजवलं.

आतून पोरांचा गलका ऐकू आला. गेली दोन वर्षं त्या घरात वर्ग भरला नव्हता.

दार उघडलं. उजव्या हाताने. त्या हातात पेन होतं.

"अहो," ती म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले.

"अहो, कोण हवंय तुम्हाला?"

तिने त्याच्या मळक्या कपड्यांकडे पाहिलं आणि तिला दया आली असावी.

"वर्गात कुणाचं नाव घालायचंय का? संकोच करू नका, या. आधी तुमचं नाव सांगा."

ती मेजाशी बसली, वही उघडली. त्याने उभ्याउभ्याच नाव सांगितलं. तिने ते लिहिलं, टपोऱ्या, गोल अक्षरांत, कुठेही न अडखळता.

मग पेन उचलून तिने वर पाहिलं.

"आणि आडनाव?"