सदर मुलगी

"सदर मुलीच्या बुटात पाणी शिरलेलं आहे."

एलिसेओ ओयार्सून माझ्याशी बोललेलं हे पहिलंवहिलं वाक्य. आता तुम्हीच सांगा, असं कुणी बोलतं का? मी वाचनालयाच्या दारात एका पायावर उभी राहून रबरी बूट उलटा करत होते, बाहेर आमच्या बेटावरचा नेहमीचा आडवा पाऊस, आणि हा उंच, किडकिडीत, अनोळखी मुलगा बाहेर पडता पडता थेट माझ्यावर आदळला. माफी मागायची सोडून हे!

"काय म्हणालास?"

"माफ कर..." तो कानापर्यंत लाल झाला. "सकाळपासून नगरपालिकेची जुनी इतिवृत्तं टाइप करतोय. तो कारकून कशाचंच नाव दोनदा घेत नाही. एकदा वर लिहिलं की खाली नुसतं 'सदर'. सदर गाय, सदर पूल, सदर विधवा. डोक्यातच बसलंय ते."

"मग सदर मुलगा जरा बाजूला होईल का? सदर मुलीला शेगडीजवळ जायचंय."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा आधी मिटतो. हे मला तेव्हाच दिसलं, आणि दिसायला नको होतं, कारण त्यानंतर मला दुसरं काही दिसेना.

तो पुएर्तो मोंतचा, म्हणजे शहरातला. त्याची आई, दोन्या पिलार (आमच्याकडे बाईंना 'दोन्या' म्हणतात), नगरपालिकेसाठी समुद्राकाठच्या नव्या पदपथाचा नकाशा काढायला आली होती, आणि तिच्याबरोबर हाही वर्षभरासाठी आमच्या शाळेत. आमच्या ग्रंथपाल दोन्या एर्सिरा शाळेतल्या पोरांना धरून नगरपालिकेची ऐंशी वर्षांची इतिवृत्तं संगणकावर घेत होत्या. नुसतं टाइप करायचं नाही, खुणाही घालायच्या. हा मथळा, ही तारीख, हा परिच्छेद. त्या पद्धतीला एक्सएमएल म्हणतात. मला आधी ते सर्दीच्या गोळीचं नाव वाटलं होतं.

"खुणा घातल्या की यंत्र त्यावरून शब्दसूची बनवतं," एलिसेओ सांगायचा. "कुठला शब्द कुठल्या इतिवृत्तात, कितव्या परिच्छेदात, कितव्या जागी. मग तू एक वाक्यखंड दे, दोन दे, दहा दे. फक्त नीट सांग, कोणताही एक चालेल की सगळेच हवेत."

"मला नेहमी सगळंच हवं असतं."

"ते दिसतंच आहे, चिग्वाय. दोन मिल्काओ खाल्लेस, माझ्या वाटचा धरून." तो मला आडनावानेच हाक मारायचा.

असे दोन महिने गेले. शेगडीवर बटाट्याचे मिल्काओ गरम होत होते, 'सदर' सगळ्या वाचनालयाच्या तोंडी बसलं होतं, आणि मी घरी जाताना उगाचच हसत होते.

आणि मग ती नोटीस आली.

माझे पापा होड्या बांधतात. किल्के किनाऱ्यावर त्यांची शेड आहे, आधी आजोबांची होती. आत एक लाकडी होडी अर्धी उभी आहे, नुसत्या फासळ्यांची, माशाच्या सांगाड्यासारखी. पदपथ नेमका तिथूनच जाणार होता. शुक्रवारी अकरा वाजता सभा. ज्याच्याकडे जागेचा कागद नाही, त्याने साठ दिवसांत जागा मोकळी करायची. पापांकडे कागद नव्हता. "ठराव झाला होता, मी लहान होतो, बाबांनी सांगितलेलं," एवढंच ते म्हणायचे. रात्रीच्या जेवणात त्यांनी रंध्याचं पातं पुसून पेटीत ठेवलं. धार लावून नाही... पुसून. जसं कायमचं ठेवतात तसं.

शुक्रवारी मी रसायनशास्त्राचा तास बुडवून नऊ वाजता वाचनालयात धडकले. एलिसेओ आधीच बसला होता.

"तुझा पण तास आहे ना?" मी विचारलं.

"पोट दुखतंय."

"कुठे?"

"रसायनशास्त्रात." त्याने कळफलक पुढे ओढला. "बोल. काय शोधायचं?"

"'किल्के किनारा' आणि 'होड्या बांधण्यासाठी'."

त्याने दोन्ही घातले. स्क्रीनवर आकडा आला, एक हजार तीनशे बारा. माझं काळीज उडालं.

"उडू नकोस," तो म्हणाला. "मी न सांगितल्यामुळे यंत्राने 'कोणताही एक' धरलं. जिथे किल्के आलं तेही, जिथे होड्या आल्या तेही. थांब, 'सगळे, एकाच परिच्छेदात' असं सांगतो."

शून्य.

साडेनऊ. पावसाचे थेंब खिडकीवर आडवे धावत होते. मी पापांना फोन लावला. मागे कुणीतरी खिळे उपसत होतं. म्हणजे आवराआवर सुरूही झाली होती.

"पापा, आजोबांना किनारा मिळाला तो कधी?"

"साठच्या भूकंपानंतर. समुद्र वर चढला ना, तेव्हा किल्केतली घरं ओढून इकडे आणली. मिंगा केली. सगळा गाव, बारा जोड्या बैल, घराखाली ओंडके."

"किल्केतली घरं... इकडे आणली? मग इथे काय होतं?"

"ही पुंता लिले. लिले पक्षी बसायचे खडकावर. त्यांच्याखेरीज कुणी नव्हतं."

"मग याला किल्के का म्हणतात?"

"घरं आली तसं नावही आलं, पोरी," पापा म्हणाले, जणू मी पाणी ओलं का असतं ते विचारलं. "घर ओढताना नाव मागे ठेवतात होय?"

फोन ठेवला. एलिसेओ माझ्याकडे आ वासून बघत होता.

"तुमच्याकडे गावांची नावं चालतात?"

"बैलांबरोबर चालतात," मी म्हटलं. "तुमच्या शहरात कशाबरोबर चालतात?"

"आमच्याकडे पाटी असते, खांबाला घट्ट ठोकलेली." पण त्याची बोटं केव्हाच सुरू झाली होती. 'पुंता लिले', 'होड्या बांधण्यासाठी'. सगळे, एकाच परिच्छेदात.

शून्य.

त्याने 'पुंता लिले' एकटं घातलं. एकतीस इतिवृत्तं. 'होड्या बांधण्यासाठी' एकटं. दोनशेच्या वर. दोन्ही मिळून? पुन्हा शून्य. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं. आणि मग माझ्या तोंडून ते निघालं.

"तुझ्या आईला शून्यच हवं असेल, नाही?"

त्याचे हात थांबले. चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता उठला, खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"तू बस. तू स्वतः टाइप कर. मी तिकडे उभा राहतो."

आणि तो खरंच खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठमोरा, हात खिशात.

मी टाइप केलं. तीनदा चुकले. शून्य. परत केलं. शून्य. तेच यंत्र, तेच उत्तर, आणि खिडकीशी तीच गप्प पाठ. मला रडू फुटलं. गोष्टीतल्या मुलीला शोभेल असं सुंदर वगैरे नाही, अगदी नाक वाहणारं.

दोन्या एर्सिरांनी पुस्तकांच्या ढिगाआडून रुमाल पुढे केला. "सदर मुलीने नाक पुसावं," त्या म्हणाल्या, "आणि सदर मुलाने तिकडे ओली खिडकी न्याहाळणं थांबवावं."

मी रुमाल नाकाशी नेला... आणि तिथेच थांबले.

सदर.

खिडकीशी एलिसेओही गर्रकन वळला होता.

"तो नाव दोनदा घेत नाही!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

"वर एकदा 'पुंता लिले'," तो धावत आला, "आणि खाली नुसतं 'सदर ठिकाणी'! मग एकाच परिच्छेदात कसं सापडेल!"

"मी परिच्छेद काढून टाकते. संपूर्ण इतिवृत्त..."

"'सगळे' राहू दे! 'सगळे' काढू नकोस!"

"मला कळतंय रे!"

बटण दाबताना मी डोळे मिटले. त्याचा श्वास माझ्या कानाशी होता, आणि त्याला मिल्काओचा वास होता.

"नायादेत," तो हळूच म्हणाला. त्याने माझं नाव घेतलं होतं, आडनाव नाही. "बघ."

एक.

चौदा मार्च एकसष्ट. मथळा: पुंता लिले येथे ओढून आणलेल्या घरांबाबत. मग विहीर, मग बैलांचा चारा, मग एका हरवलेल्या डुकराबद्दल लांबलचक भांडण. आणि नवव्या परिच्छेदात: 'सदर ठिकाणचा किनारा होड्या बांधण्यासाठी सुतार चिग्वाय यांजकडे व पुढे त्यांच्या वारसांकडे राहील.'

वारस म्हणजे पापा. आणि मी! मी त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि ते मला उचलवेना.

प्रिंटर घरघरत होता. दहा पन्नास. एलिसेओ कागदाकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"मी मघाशी जे बोलले..."

"राहू दे."

"नाही, ऐक..."

"आईचं काम नकाशा मंजूर होण्यावर आहे," तो म्हणाला. "नामंजूर झाला तर काम संपलं. सोमवारच्या बोटीने आम्ही परत."

मला एकदम गार पडल्यासारखं झालं. "हे तुला माहीत होतं? सकाळी बसलास तेव्हा?"

"नोटीस आली त्या दिवसापासून." कागद बाहेर आला. त्याने तो घडी करून जॅकेटच्या आत, छातीशी धरला. "चल. पळायला येतं ना तुला त्या बुटात?"

आम्ही पळालो. तो पाऊस, ती लाकडी पायऱ्यांची उतरण, माझ्या बुटात पाणी... कागद पोचायला हवा होता आणि सोमवार यायला नको होता, आणि पायांना दोन्हीचं काही पडलेलं नव्हतं, ते आपले पळत होते.

सभेत पापा शेवटच्या बाकावर बसले होते, डोक्यावरची लोकरी टोपी गुडघ्यावर पिळत. नगराध्यक्षांनी कागद वाचला. मोठ्याने, डुकरासकट. मग तो दोन्या पिलारकडे दिला. तिने तो दोनदा वाचला, मग आपल्या भिजलेल्या मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिची नजर बराच वेळ तिथे राहिली. मी बूट बघत बसले.

"माझ्या नकाशात हा किनारा रिकामा आहे," ती शेवटी म्हणाली. "तो रिकामा नाही. माझी चूक."

एलिसेओचा हात माझ्या हाताजवळ होता. लागलेला नव्हता, फक्त जवळ.

"म्हणजे पदपथ रद्द?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"रद्द कशाला? शेडच्या मागून वळवता येईल. पण मोजणी पुन्हा करावी लागेल."

"किती वेळ लागेल?"

तिने बोटांवर मोजलं. "आठ महिने."

"आठ!" मी इतक्या जोरात ओरडले की पापांच्या हातातली टोपी पडली. नगराध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "सदर मुलीची हरकत आहे का?" त्यांनी विचारलं. म्हणजे ते 'सदर' तिथवर पोचलं होतं!

"नाही," मी म्हटलं. "मुळीच नाही."

सोमवारी बोट गेली, त्याच्याशिवाय. आम्ही शाळा सुटल्यावर वाचनालयात होतो. पापांनी पाठवलेले मिल्काओ शेगडीवर, आणि एलिसेओने त्यांना हातही लावला नव्हता.

"एक नवीन फाइल टाकलीय," तो म्हणाला. "सूचीत आली आहे. दोन वाक्यखंड शोध. पहिला, तुझं नाव."

"आणि दुसरा?"

"दुसरा... तूच ठरव." आणि तो शेगडीत लाकडं घालायला गेला. शेगडी भरलेली होती.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. बदमाश! म्हणजे मीच आधी लिहायचं. चुकलं तर? मी 'सुंदर हस्ताक्षर' शोधलं तर चालेल का? पण मला तेवढंच नको होतं, मला सगळंच हवं होतं. कान तापले. मी टाइप केलं: 'नायादेत चिग्वाय'. आणि मग, एका दमात: 'मला आवडते'.

सवयीने लिहिलं, सगळे, एकाच परिच्छेदात.

शून्य.

एक क्षण... फक्त एकच क्षण, सगळं वाचनालय बुटातल्या पाण्यासारखं थंडगार झालं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पाठमोरा होता, पण कान मागूनही दिसतात. लालभडक. मग मला हसू आलं. मी परिच्छेद काढून टाकला.

एक.

मथळा: नायादेत चिग्वाय हिच्याबाबत. खाली पहिला परिच्छेद रबरी बुटांवर. दुसरा पावसावर. मग बोटीचं वेळापत्रक. मग बैलांनी ओढलेल्या गावांची चौकशी, मग मिल्काओची कृती, तीही चुकीची. असे सव्वीस परिच्छेद!

"इतकं मध्ये कशाला लिहिलंस?"

"घाबरलो होतो," शेगडीतून आवाज आला.

सत्ताविसावा परिच्छेद एका ओळीचा होता.

'सदर मुलगी मला आवडते.'

मी ती ओळ तीनदा वाचली. मग खाली नवा परिच्छेद उघडला, खूण नीट घातली आणि लिहिलं, 'सदर ठराव एकमताने मंजूर.' आणि स्क्रीन त्याच्याकडे फिरवला.

त्याने वाचलं. डावा डोळा आधी मिटला.

"एकमताला," तो घसा साफ करत म्हणाला, "निदान दोन मतं लागतात."

मी त्याचा हात धरला. राखेने माखलेला होता, गरम. "दोन आहेत."

"तीन," पुस्तकांच्या ढिगाआडून दोन्या एर्सिरा म्हणाल्या.